मागून चालवलेला बँड

नवापूरच्या महादू तांडेलाला सूर कळत नव्हता, ताल कळत नव्हता, आणि गावचा बँड म्हणे त्याचाच! तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं त्या वर्षी त्याने आपल्या होडीवरचे खलाशी गोळा करून तो काढला. मेहुणा वामन ट्रंपेटवर, नामदेव ढोलावर, बाकीचे जे मिळेल त्यावर. महादू स्वतः काहीच वाजवत नसे. तो तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, आणि होडीचा तांडेल बसतो कुठे? मागे, सुकाणूपाशी. म्हणून हा वरातीतही सगळ्यांच्या मागे चालायचा आणि तिथून हुकूम सोडायचा. "वामन्या, डावीकडं घे! नामदेव, जरा दमानं!" बँड डावीकडे वळला की याची छाती फुगायची. रस्ताच डावीकडे वळत होता, हे त्याला कोण सांगणार?

बँड काढला त्याच दिवशी त्याने लेकीला, नलूला शब्द दिला होता. तुझा नवरदेव होडीतून उतरेल तेव्हा किनाऱ्यावर आपलाच बँड वाजेल.

माशी शिंकली ती वाणगावच्या एका लग्नात. वरात दारात आली. घरचे यजमान पुढे झाले आणि बँडच्या म्होरक्याचा मानाचा नारळ त्यांनी सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या वामनच्या हातात ठेवला. वर फेटाही बांधला. मागून महादू ओरडतोय, "ओ, तांडेल इकडं हाय!" यजमानांनी मान उंचावून पाहिलं आणि म्हणाले, "काका, घाई करू नका, सगळ्यांना जेवायला मिळेल."

झालं! वामनने निदान नारळ तरी आणून द्यावा? छे! त्याच्या बायकोने तो फोडून कोलंबीच्या कालवणात घातला. दुसऱ्या दिवशी महादू मेहुण्याच्या दारात.

"नारळ कुठं हाय?"

"खाल्ला की. भावोजी, त्यांनी माझ्या हातात दिला."

"बँड कोणाचा?"

"वाजवतो कोण?"

संपलं. महादूने बँड मोडल्याचं गावभर सांगितलं आणि ढोल आणून पडवीत टाकला. त्याची बायको हिरा त्यावर टोपली ठेवून बोंबील निवडू लागली.

एका नारळापायी माणसाने इतकं ताणावं का? पण ताणलं. नलूचं लग्न सातपाटीच्या मुलाशी ठरलं तरी हा पठ्ठ्या वामनकडे जाईना. नलू रडली. "बाबा, तुमी शब्द दिलेला ना?" पण महादूला मेहुण्याकडे जाऊन दोन शब्द बोलणं काही जमेना.

लग्नाच्या सकाळी तो कोरं धोतर नेसून, तोंड पाडून किनाऱ्यावर उभा राहिला. वऱ्हाडाची होडी दिसली, आणि गावातून ढोल घुमला. वामन पुढे, मागे अख्खा बँड! नलूचा मामा होता तो. भाचीला बोहल्यावर त्यालाच न्यायचं होतं, मग मामा काय रिकाम्या हाताने येतो? बोंबील झटकून ढोल हिरानेच गुपचूप बाहेर काढून दिला होता.

आणि वाजवलं म्हणजे काय वाजवलं! वळणं नीट, थांबणं नीट. नवरदेवाचा पाय वाळूला लागला आणि ट्रंपेट असा उठला की सातपाटीकर होडीतच नाचायला लागले. महादूला भरून आलं. आनंद झाला, आणि तेवढंच वाईटही वाटलं.

मांडवात बँडला मानाचा नारळ यजमानाने द्यायचा, आणि आज यजमान महादूच! त्याने तो खालमानेने वामनच्या हातात ठेवला आणि हळूच विचारलं, "मी मागं नव्हतो. मग वळलात कसे?"

वामनने घाम पुसला. "भावोजी, खरं सांगू? तुमी मागून काय सांगायचे ते आमाला कदी ऐकूच यायचं नाय. मधी ढोल असायचा."

"मग इतके दिवस बोलला का नाय?"

"तुमी लय खूश असायचे."

महादूने मेहुण्याला मिठी मारली आणि भर मांडवात ढसाढसा रडला. वऱ्हाडी हळहळले. लेक सासरी चालली ना, म्हणाले, बापाचं काळीज ते.