सुलतानी पाटाची साफसफाई

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, कारण या प्रकरणात माझी बाजू घ्यावी असं काही नाहीच. मी आयुष्यात एकदाच इतिहासाची सेवा केली आणि ती माझ्या सासऱ्यांच्या गव्हाला भोवली.

साल बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदलं. लग्न नवं. मी पुण्यात सरकारी कचेरीत कारकून, आणि जुन्या वास्तूंचं भलतं वेड. सासुरवाडी नगर शहरापासून चार मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सहज म्हणालं, की निजामशाहीत नगर शहराला पाणी नेणारा पाट याच गावातून जातो, आणि शहरापर्यंत जात नसला तरी अजून वाहतो. झालं! मुलगी बघायला जातानाही मला एवढी उत्सुकता नव्हती. हे आत स्वयंपाकघरात ऐकू जाऊ देऊ नका.

संक्रांतीनंतर पहिल्यांदा राहायला गेलो, तो मित्राचा बॉक्स कॅमेरा गळ्यात अडकवूनच. सकाळी मामा, म्हणजे माझे सासरे, खांद्यावर फावडं टाकून निघाले होते.

"पाव्हणं, आज पाटाचं पाणी आपल्याकडं हाय. आठ दिसांनी पाळी येती. गहू निसवलाय, ओंब्या भायेर आल्यात, आज भिजला न्हाई तर दाना भरायचा न्हाई. मी दारं धरायला चाललो. तुमी फिरा निवांत."

दारं धरायची म्हणजे एकेका वाफ्याचं तोंड उघडून पाणी फिरवायचं, हे बायकोने मला समजावलं. पण आणखी एक गोष्ट तिने सांगितली नाही. ती त्या गावात पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असते, आणि मी सत्तावीसचा होतो. तिने गृहीत धरलं. तिचं काय चुकलं?

पाट सापडला. काय सांगू! घडीव दगड, दोन हात रुंदी, नितळ पाणी. मी काठाने वर वर चालत गेलो. मैलभरावर पाटाच्या भिंतीत दोन कोरीव दगड उभे, मधे चौकोनी तोंड, वर चक्क कमळ. आणि एवढ्या सुंदर तोंडात कोंबलेलं काय? चिखल, बाभळीच्या फांद्या आणि एक गोणपाट!

माझं डोकंच फिरलं. आपल्या लोकांना कदर म्हणून नाही. सुलतानाच्या कारागिराने इथे कमळ कोरलं, आणि यांनी त्यात बोळा कोंबला! असा फोटो पुण्यात कुणाला दाखवू?

मी बुशशर्टच्या बाह्या सारल्या. काटे टोचले, चिखल नखांत गेला, तरी हटलो नाही. शेवटी गोणपाट ओढलं मात्र, पाणी त्या तोंडातून असं धो धो सुटलं की माझा ऊर भरून आला. शेकडो वर्षांनी पाट मोकळा श्वास घेतोय, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. तिथे ऐकायला एक म्हैस होती.

फोटो काढला. गोणपाट टाकून देणं जिवावर आलं, म्हणून धुऊन, पिळून, घडी करून काखेत मारलं. बसायला होईल म्हटलं.

परत येतो तर मामा पाटाकाठाने वाकून वाकून येताहेत. चेहरा उतरलेला.

"पाव्हणं, पानी लई बारीक झालं हो. चार वाफं भिजलं आन् धार तुटली. खेकड्यानं कुठं भोक पाडलंय का, बघतोय. तुमी वरूनच आलात न्हवं?"

"हो, थेट वरून."

"वर समदं ठीक हाय?"

"मामा," मी म्हणालो, "वर तर पाणी नुसतं उसळतंय. मी स्वतः बघून आलोय."

मामांचा माझ्यावर विश्वास. शिकलेला जावई. ते वर जायचे, ते मागे फिरले आणि खाली शोधायला लागले. मीही लागलो. दीड तास आम्ही पाटाचा दगडन् दगड चाचपला. मी तीन भोकं शोधली, मामांनी ती मुकाट्याने बुजवली. कामात उत्साह यावा म्हणून मी त्यांना निजामशाहीची माहिती देत होतो. ते "व्हय, व्हय" म्हणत गव्हाकडे बघत होते.

उन्हं डोक्यावर आली. मामा एकदम ताठ उभे राहिले.

"रंभाजी!"

रंभाजी म्हणजे वरच्या अंगाचा शेतकरी. बांधावरच्या एका बोरीपायी दोघांची नऊ वर्षं बोलाचाल बंद. मामांनी फावडं उचललं आणि निघाले. वाटेत आणखी चारजण सामील झाले. मी सगळ्यांत पुढे. सासऱ्यांचं पाणी चोरतो म्हणजे काय? गंमत आहे?

रंभाजी आपल्या गुरांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यात घोटाभर पाण्यात उभा होता, गोंधळून.

"माझं पानी तोडतो व्हय रं?" मामा गरजले. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"मी कशाला तोडू? माझं पानी उद्या हाय. मला वाटलं तूच सोडलंस. म्हनलं, इतक्या वर्सांनी याला दया आली. डोळं भरून आलं राव माझं."

"मग तुझ्या वावराकडचं दार कुनी मोडलं? पहाटं मी स्वतः बांधलंय. चिखूल, बाभळ आन् वर माझं गोनपाट. दुसऱ्याच्या पाळीला कुनी दाराला हात लावतंय का आपल्यात?"

मला ते कमळ आठवलं. मग म्हैस आठवली.

"गोनपाट कुठंय?" रंभाजी म्हणाला. "ज्याच्याकडं गोनपाट, तो चोर. सोपं हाय."

सगळे इकडे तिकडे बघू लागले. मीही बघू लागलो, दुसरं काय करणार? माझ्या काखेतून पाण्याचा एक थेंब टपकला. मग दुसरा. हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मामा," मी म्हणालो, "मी साफ केलं. फोटोसाठी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे, मग लांबवर आपल्या गव्हाकडे. मला खरंच रडू येत होतं. त्या गव्हावर त्यांच्या घरची वर्षाची चपाती होती.

एवढ्यात रंभाजी मटकन बांधावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता म्हणाला, "आरं, उद्याचं माझं पानी तू घे. माझा घास तर पोटभर प्यालाय. पर या पाव्हन्याला काय बोलू नगस. देवमानूस हाय."

मामांच्या मिशा थरथरल्या, आणि तेही हसले. मला नाही हसू आलं. काट्यांनी बोटं सुजली होती.

गहू वाचला. दोघांची बोलाचाल सुरू झाली, ती आजतागायत. मी दोघांना फोटोच्या प्रती पाठवल्या. रंभाजीने चौकट करून देवाशेजारी लावला. मामांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यापासून दर साली माझ्या पत्त्यावर एकाच दिवशी दोन पोस्टकार्डं येतात. मामांचं दोन ओळींचं असतं: "चि. जावईबापूंस आशीर्वाद. पाटाचं पाणी गुरुवारी आपल्याकडे आहे. तरी शुक्रवारी येणेचे करावे."

आणि दुसरं रंभाजीचं, शाळेतल्या नातवाकडून लिहून घेतलेलं: "साष्टांग नमस्कार. ऐतिहासिक जागेवर पुन्हा लई घाण झाली आहे. गुरुवारी सकाळीच येऊन साफ करून जावे."