डुकरांनी ठेवलेल्या शेंगा

"त्याला बी पोट हाय की." केरसुणी काखेत धरून, मान वर करून अक्का हे वाक्य शाळेच्या बागेत दिवसातून चारदा तरी म्हणत. जनवाड्याच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचो, अक्का शिपाई होत्या. दसऱ्याच्या सुमाराला पेरू पिकू लागले, की झाडावर राघूंची सभा भरे. मुख्याध्यापक खिडकीतून म्हणत, "अक्का, हाकला ते राघू." अक्का जागच्या हलत नसत. त्यांच्या हिशेबी पेरू चोरण्यात पहिला नंबर मुख्याध्यापकांचा, राघू दुसरे.

"पैल्या नंबरला कधी हाकललं का मी?" त्या मला विचारत.

एकदा वर्गात धामण निघाली. आम्ही काठ्या घेऊन धावलो. अक्कांनी आम्हालाच बाहेर काढलं. "पंचमीला नागाला हात जोडताव, अन् उंदरं खाणारीला काठी. कामून?" तेवढ्यात धामण मागच्या दारानं गेली.

अक्कांचं एक एकर रान होतं, त्यात भुईमूग. एका वर्षी ऐन काढणीच्या तोंडाला रानडुकरांनी निम्मं रान उकरलं. आता कळेल यांना, असं आम्ही शिक्षक मनात म्हणालो. खोटं कशाला बोलू, थोडी मजाच वाटली.

अक्का डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत शाळेत आल्या. पण त्यांच्या दिरानं रानाभोवती विजेची तार ओढली, तेव्हा ती जोडायच्या आतच अक्कांनी गुंडाळून विहिरीत टाकली.

"वैनी, डुकरायचे लाड करायलाव?" दीर म्हणाला.

"उद्या माणूस चिकटंल. अन् डुकरानं तरी शेंगापायी कामून मरावं?"

दीर वर्षभर बोलला नाही. डुकरांनी मात्र आणखी एक पट्टा साफ केला. त्या दिवशी अक्का पेरूखाली बसून पदरानं डोळे पुसत होत्या. "वर्साचं तेल होतं सर त्यात," एवढंच म्हणाल्या. आमची मजा तिथंच संपली.

आठवड्यानं त्यांनी पातेलंभर उकडलेल्या शेंगा आणल्या. "खावा. डुकरायनं ठेवलेल्या हायत." मुख्याध्यापकांनी सर्वांत जास्त खाल्ल्या.

निवृत्तीनंतर अक्का गुलबर्ग्याला मुलीकडं गेल्या, तिसऱ्या मजल्यावर. फोनवर म्हणत, "हितं मुंगी बी वळखीची न्हाई सर."

परवा तिकडं गेलो, तेव्हा अक्कांना जाऊन महिना झाला होता. मुलीनं चहा दिला. गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून आणलेली जाळी गुंडाळलेलीच पडली होती. शेजारच्या रिकाम्या कुंडीत एक कबुतर अंड्यांवर बसलेलं. मी वाकून बघायला गेलो, तर मुलगी हळूच म्हणाली,

"सर, जरा मागं सरा. उठून जाईल ती."