अर्ध्या वाक्याचं उत्तर

खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत प्रार्थनेवरून माझं मन पार उडालं होतं. लकव्याच्या झटक्यानंतर पत्नीचं चालणं हळूहळू सावरलं, वाचा मात्र परतली नाही. सात महिने घरात तिचा एक शब्द नाही. तिला सगळं कळायचं, ओठही हलायचे, आणि मग ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मी चिडायचो, तिच्यावर नाही, देवावर.

जबलपूरची आमची लूथरन चर्चची मंडळी आता वीस-बावीस माणसांची, बहुतेक पिकल्या केसांची. नव्या पाळकबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरू, आल्या त्याच मुळी बदलाचं वारं घेऊन. मागची बाकं काढायची आणि दर बुधवारी चर्चमध्येच लकवा झालेल्यांचा व्यायामवर्ग घ्यायचा, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, असं त्यांनी ठरवलं. समितीत सगळ्यांत मोठ्या आवाजात विरोध केला तो मी. "चर्च को अस्पताल मत बनाइए," असं तोंडावर बोललो. तरी वर्ग सुरू झाला, सिहोऱ्याहूनही माणसं बसने येऊ लागली, आणि एका बुधवारी पत्नीचा हात धरून मलाच तिथे जावं लागलं. मान वर होईना. पाळकबाई फक्त "आइए" म्हणाल्या.

वर्ग घ्यायच्या त्या खमरियाच्या एक निवृत्त नर्सताई, बौद्ध घरातल्या. आमच्या उपासनेशी त्यांचा काही संबंध नव्हता. तिसऱ्या बुधवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, चर्चमधलं वहिनींना तोंडपाठ काय आहे?"

"पाळक एक वाक्य म्हणतात, आम्ही सगळे उत्तर देतो. लहानपणापासून."

"मग पाळकांचं तुम्ही म्हणा अन् थांबा. पुढचं सांगून देऊ नका."

"मी काहून? पाळकबाई आहेत ना."

"तुमच्या आवाजाची वाट पाहून राहिल्या त्या."

आमची उपासना हिंदीत होते. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि ज्याच्याशी अबोला धरला होता त्याचंच नाव घेतलं, "प्रभु तुम्हारे साथ हो."

थांबलो. तिचे ओठ हलले. मग जराही न अडखळता, अगदी रविवारच्या लयीत ती म्हणाली, "और तेरी आत्मा के साथ भी."

सात महिन्यांनी कानी पडलेला तिचा आवाज, आणि त्यात तक्रार नाही, मागणं नाही, माझ्यासाठी आशीर्वाद! मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळ्यांदेखत रडलो.

पाठ झालेली वाक्यं कधी कधी अशी येतात, असं डॉक्टर म्हणाले. येत असतील. मी वाद घालत नाही. पुढे 'पाणी' आलं, 'चहा' आला. बाकीचे शब्द येतील किंवा येणार नाहीत. देवाने कुणाच्या हातून द्यावं आणि किती द्यावं, हे त्याला शिकवणं मी सोडून दिलंय, आणि त्यामुळे झोप लागते.

रोज सकाळी ते वाक्य मी म्हणतो, उत्तर ती देते. काल मी तोंड उघडण्याआधीच तिने माझा हात धरला आणि माझं वाक्य तीच बोलली. उत्तर मला द्यायचं होतं. साठ वर्षांचं पाठ असलेलं, पण मला शब्दच फुटेना.