आधी पाणी, मग इंग्रजी

सरकारी शुभवार्ता मला टेकाडावर उभं राहून घ्याव्या लागतात, कारण एटापल्लीच्या पुढे आमच्या गावात मोबाईलला रेंज मिळते ती तिथेच. त्या दिवशीची वार्ता अशी होती, की इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी राज्याची मानके अद्ययावत झाली आहेत. म्हणजे कोणत्या इयत्तेतल्या मुलाला किती इंग्रजी आलं पाहिजे, हे वरती कुणीतरी नव्यानं ठरवलं होतं. जुनी मानके मला नुकती कुठे पाठ झाली होती, पण सुधारणा म्हटल्यावर आपण कोण अडवणार? मी खाली उतरले आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंना सांगून टाकलं, की आता आपली पोरं फाडफाड इंग्रजी बोलणार. त्या म्हणाल्या, "मीठ सरलं, मॅडम."

मी मूळची वरोऱ्याची, कापसाचे आणि सोयाबीनचे भाव ऐकत वाढलेली. नोकरी लागली ती या जंगलात. एक खोली, पहिली ते पाचवीचे सगळे वर्ग त्या खोलीत, आणि सगळे विषय माझ्या गळ्यात. पोरं घरी गोंडी बोलतात. मराठी शाळेत येऊन शिकतात आणि तीही माझ्याच तोंडून, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी वरोऱ्याचं मले-तुले बसलं आहे. शिक्षणक्षेत्राला माझं एवढंच ठोस योगदान.

नव्या मानकांचं प्रशिक्षण तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात झालं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झालरी तशाच होत्या, त्यामुळे मानकांचं आगमन अगदी थाटात झालं. शहरातून आलेल्या तज्ज्ञ बाई पडद्यावरची इंग्रजी वाक्यं वाचायच्या आणि मग त्यांचं मराठी करून सांगायच्या. 'संदर्भाधिष्ठित संप्रेषण क्षमता' असं काहीतरी. इंग्रजीत निदान थोडं समजत होतं. मुख्य मानक एकच होतं, आणि ते मी तेवढं नीट लिहून घेतलं: विद्यार्थी अनोळखी व्यक्तीशी आत्मविश्वासाने इंग्रजीत संवाद साधतो.

"मोहर्लीची मुलं बघा," बाई म्हणाल्या. "सफारीला आलेल्या परदेशी पाहुण्यांशी कशी छान बोलतात!"

आमच्याकडे येणारे अनोळखी लोक म्हणजे तेंदूपत्त्याचे मुनीम, हिवतापाच्या गोळ्या देणारा आणि निवडणुकीच्या वेळी येणारे हात जोडलेले सद्गृहस्थ. त्यांच्याशी इंग्रजीत काय बोलायचं असतं, हे विचारण्याचा मोह मी आवरला. पण पुढे आलं, की शिकवताना मुलांच्या मातृभाषेचा आधार घ्यावा. तेव्हा मात्र राहवलं नाही.

"कोणत्या मातृभाषेचा, मॅडम?"

"अर्थात मराठीचा."

"आमच्या पोरांची गोंडी आहे."

माझ्या शेजारी बसलेले सिरोंच्याकडचे गुरुजी हळूच म्हणाले, "आमची तेलुगू आहे." बाईंनी दोन्ही सूचनांची नोंद घेतली आणि पुढच्या सुधारणेत विचार करू असं आश्वासन दिलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणानंतर खरी गोष्ट बाहेर आली. प्रत्येक शाळेत एक साहेब येऊन मुलांशी इंग्रजीत बोलणार, मोबाईलमधल्या ॲपवर गुण देणार, आणि जी कमी पटाची शाळा सगळ्यात खालच्या पायरीवर राहील तिचं समायोजन होणार. समायोजन म्हणजे शाळा बंद करणं, पण हसतमुखानं. पोरांना जवळच्या मोठ्या शाळेत नाव मिळतं आणि आपल्या शाळेला कुलूप.

जवळची मोठी शाळा नाल्याच्या पलीकडे. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तिसरीतली एक पोरगी होती. आईबाप मोहफुलाला नाहीतर धानाच्या कामाला गेले, की ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. तो पाटीवर चिखल फासतो, ही इंग्रजी शिकते. मी खडू शोधत असले की खडू हिच्या हातात सापडतो, आणि फळ्यावर पहिलीच्या पोरांना ए-बी-सी गिरवून दाखवणं चालू असतं. भाऊ कडेवर घेऊन ती नाला कसा ओलांडणार? शाळा गेली की ही पोरगी घरी बसली, हे मला तिथे मंगल कार्यालयातच दिसलं आणि जिलेबी कडू लागली.

म्हणून मी कामाला लागले. प्रसंग मुलांच्या जगण्यातला निवडा, असं मानकांत लिहिलं होतं, आणि ते एक वाक्य मला मनापासून आवडलं होतं. आमच्या गावची एक रीत आहे. कुणीही दारात आलं, की आधी पाणी. सोयरीक घेऊन या, मयतीची खबर घेऊन या, बैल शेतात शिरला म्हणून तणतणत या. तुम्ही पाणी पिईपर्यंत घरातलं कुणी तोंड उघडत नाही. पाणी प्यायलात की पुढचं बोलणं. पाणी नाकारलंत तर तुम्ही भांडायला आला आहात, असा सरळ अर्थ होतो, आणि मोठ्यांच्या भांडणात पोरांनी बोलायचं नसतं. त्यांनी मान खाली घालून उभं राहायचं.

मी हीच रीत इंग्रजीत बसवली. पाहुणा येतो. पोरगी पुढे होते, "वेलकम, सर. प्लीज हॅव वॉटर." पाहुणा पाणी पितो. मग सगळ्यांना मोकळीक. कुठून आलात, रस्ता कसा होता, तुमच्या घरी कोण कोण आहे, तुमच्या गावात काय पिकतं, इथे रात्री राहणार का. पोरांना काही पाठ करायची गरजच पडली नाही, कारण हे ते जन्मापासून ऐकत होते, फक्त भाषा नवी होती. तालमीत मी पाहुणा व्हायची. खिचडीवाल्या बाई एकदा मुनीम झाल्या आणि पोरांनी त्यांना इंग्रजीत इतकं पिडलं, की त्या उठून निघून गेल्या. मी खूश होते. मानके लिहिणाऱ्यांना पत्र लिहून अभिनंदन करावं, इथवर माझी मजल गेली होती.

साहेब आले ते जीपमधून, दुपारी. माणूस शांत, गोड बोलणारा, हातात मोबाईल आणि काखेत स्वतःची पाण्याची बाटली. आल्या आल्या इथे वाघ दिसतो का विचारलं आणि रविवारचं मोहर्लीच्या सफारीचं बुकिंग झालं आहे अशी माहितीही दिली. मी त्यांना खुर्ची दिली. पोरगी पुढे झाली. भावाला तिनं मैत्रिणीकडे सोपवलं होतं, केसांना तेल लावलं होतं, स्टीलचा गिलास दोन्ही हातांत धरला होता.

"वेलकम, सर. प्लीज हॅव वॉटर."

काय खणखणीत बोलली! साहेब हसले, बाटली वर करून दाखवली आणि म्हणाले, "नो, नो. आय हॅव माय ओन."

ती तशीच उभी. मागे पोरांच्या माना एकामागून एक खाली गेल्या. मला कळलं काय झालं ते.

"सर, एक घोट घ्या ना," मी म्हटलं. "इथं पाणी घेतल्याशिवाय पोरं बोलत नाहीत."

"मॅडम, मागच्या दौऱ्यात माझं पोट फार बिघडलं होतं," साहेब अगदी सौजन्यानं म्हणाले. "आणि प्लीज, मूल्यांकनात हस्तक्षेप करू नका."

"नुसता ओठाला लावा."

"मॅडम."

मग मूल्यांकन सुरू झालं. व्हॉट इज युअर नेम? शांतता. व्हॉट इज युअर फादर्स नेम? शांतता. साहेबांनी पंख्याकडे बोट दाखवलं, खिडकीकडे दाखवलं, शेवटी स्वतःकडे दाखवलं. एकाही पोरानं मान वर केली नाही. नावं येत नसतील? पंखा येत नसेल? पाहुणा भांडायला आला आहे आणि आपल्या मॅडम गप्प उभ्या आहेत, हे पाहून पोरं घाबरली होती. मी गोंडीत म्हटलं, बोला रे, भांडण नाही. साहेबांनी लगेच मोबाईलवर काहीतरी टिपलं. पोरगी अजून गिलास धरून उभीच होती, कारण तो खाली कधी ठेवायचा हे तालमीत आलंच नव्हतं. मला त्या बाटलीचा असा राग आला, की हिसकावून नाल्यात फेकावीशी वाटली.

साहेबांनी बोट दाबलं. पडद्यावर लाल रंग आला, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. "काळजी करू नका," ते म्हणाले, "हा शिक्षकाचा दोष म्हणून धरत नाहीत." माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू!

ते बाहेर जीपमध्ये जाऊन बसले आणि काचा वर करून वहीत अहवाल लिहू लागले. चालक चंद्रपूरचे, पिकल्या दाढीचे एक मुसलमान भाऊ, बोनेटला टेकून उभे होते. पोरगी गिलास घेऊन सरळ त्यांच्याकडे गेली.

"आण बेटा, आण. घसा सुकून राह्यला कवाचा," असं म्हणून त्यांनी एका दमात गिलास रिकामा केला आणि तोंड पुसलं.

झालं! दाराशी कोंडलेली सगळी पोरं जीपभोवती. व्हेअर डू यू कम फ्रॉम? हाऊ वॉज द रोड? हू इज इन युअर हाऊस? भाऊंना त्यातलं अर्धं समजत होतं, ते "येस बेटा, रोड बहुत खराब, व्हेरी बॅड" म्हणून हसत होते. पोरगी सगळ्यांच्या पुढे. तिनं त्यांना रात्री राहायला बोलावलं, तेही पूर्ण वाक्यात. साहेबांनी काच खाली केली. थोडा वेळ ऐकलं. खरंच खूश झाले.

"अरे वा! ही मुलगी कोणत्या शाळेची?"

"याच शाळेची, सर. आत्ता तुमच्यापुढे शून्य मिळवून आली."

साहेबांचा चेहरा जरा उतरला, माणूस वाईट नव्हताच. त्यांनी मोबाईल काढला, इकडे तिकडे दाबून पाहिलं. एकदा नोंदवलेला निकाल बदलता येत नव्हता. "नव्या आवृत्तीत ही सोय येणार आहे," ते म्हणाले, आणि जीप गेली.

उन्हाळ्यात समायोजनाचा आदेश आला. मी अर्ज केले, हेलपाटे घातले, त्याचा तपशील सांगून तुमची करमणूक करत नाही. मलाही नाल्यापलीकडच्या शाळेत सामावून घेतलं. मग मी निदान त्या पोरीची सोय करायला घेतली. भावाला अंगणवाडीत बसवायचं ठरवलं. नाला चढला की तिच्या बापानं पोरांना पलीकडे पोचवायचं, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. सगळं जमलं. शाळा उघडली, आमच्या गावची बाकीची पोरं आली, ती आली नाही.

मी तिच्या घरी गेले. तिची आई धान पाखडत होती. पाणी झालं, मग बोलणं.

"काऊन नाई धाडलं पोरीले? सगळं ठरलं होतं ना?"

"मी तं धाडून राह्यली होती, मॅडम. तेच जात नाई म्हणते. मोठ्या शाळंत तसेच साहेब राहतेत म्हणते. आपल्या हातचं पानी त्यांले चालत नाई म्हणते."

मी सटपटले. नाला, भाऊ, पाऊस, सगळ्याचा विचार केला होता; हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, भाऊ मांडीवर. मी तिच्यापुढे बसले आणि तिला समजावून सांगितलं, की तसं काही नाही, साहेबाचं पोट नाजूक आहे, त्याला बाहेरचं पाणी सोसत नाही, डॉक्टरनं सांगितलं असेल, शहरातले लोक बाटली घेऊनच फिरतात, त्यात तुझं काही चुकलं नाही. बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

"मंग गाडीवाल्या भाऊनं काऊन पेलं, मॅडम? त्याले पोट नाई का?"

ती शाळेत आली नाही ती नाहीच.