मेंढरांपुढची तकरीर

फसली तेराशे पस्तीस साली, म्हणजे निजामाच्या राज्यात, मी बावीस वर्षांचा होतो आणि मला कुणाच्या बापाची भीती वाटत नव्हती. लांडग्याच्या अंगावर मी नुसती काठी घेऊन धावलोय. या डोंगरावरून हाळी दिली, तर त्या डोंगरावरचा गडी वळून बघायचा. फक्त चार माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडं बघायला लागली, की जीभ टाळूला चिकटायची. याला भीती म्हणत नाहीत. (आमच्या गावात म्हणतात. गावाला अक्कल नाही.)

नेमकं त्याच वर्षी माझ्या बहिणीच्या, गिरजाच्या लग्नाची सुपारी फोडायचं ठरलं. स्थळ धारूरकडचं, आमच्यासारखंच मेंढरंवालं, पण तालेवार. आमच्यात मुलगी दिल्याचा शब्द पंचांपुढं उभं राहून, मोठ्यानं द्यावा लागतो. बसून पुटपुटलेला शब्द कुणी धरत नाही. पाहुणे सरळ उठून जातात. शब्द द्यायचा बापानं. आणि आमच्या आबाचा घसा बाजारात एका एडक्यावरून भांडून असा बसलेला, की तोंडातून नुसता वारा यायचा! आबानं माझ्याकडं बोट केलं.

"मी न्हाई," मी म्हणालो.

"मंग काय मी बोलू?" माझी बायको सखू आतून कडाडली. "लांडग्याला भेत न्हाईत आन् सोयऱ्याला भेता? अवं, माणसांपुढं जमंना तर मेंढरांपुढं बोलून बघा. ती काय हसणार हायेत?"

हा सल्ला तिचा होता, हे ध्यानात ठेवा. (ती मरेपर्यंत कबूल झाली नाही.)

सगळा कळप माना वर करून माझ्याकडं बघतो, अशी दिवसातली एकच वेळ: मीठ घालायची. झालं! रोज सांजच्याला मिठाचं टोपलं काखेत मारायचं, छाती काढायची आणि गरजायचं, "पंचमंडळी, रामराम! आमची गिरजा आजपासून तुमची!" मग मीठ टाकायचं. हळूहळू मेंढरं 'पंचमंडळी' म्हणताच पळत यायला लागली. मला वाटलं, तकरिरीत, म्हणजे भाषणात, वजन आलं!

सुपारीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. मेंढरं घरामागच्या वाडग्यात कोंडलेली. मी उभा राहिलो आणि काखेत नसलेलं मिठाचं टोपलं सावरत राहिलो. नवरदेवाचा चुलता, भलं मोठं पागोटं बांधलेला, मिशीत हसला.

"कर की बे तकरीर! का बापासंगं तुझा बी घसा बसला?"

सगळे खिदळले. दाराआडून गिरजा बघत होती, रडवेली. मी डोळे मिटले आणि आवाज लावला, "पंचमंडळी, रामराम!"

वाडग्याची काट्यांची झाप मोडली!

पुढचं काय सांगू? अख्खा कळप पंचांच्या डोक्यावरून माझ्याकडं! एडक्यानं पुढचे पाय माझ्या छातीवर ठेवले. एकीनं विड्याची पानं खाल्ली. दोघींनी चुलत्याचं पागोटं दोन टोकांनी धरलं!

"मेंढरं अंगावर सोडता?" चुलता किंचाळला. "उठा रं! न्हाई फुटायची सुपारी!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. मीठ मागितलं तर मेंढरांचं काय चुकलं?

"खाली बसा!" मी ओरडलो. "मेंढरंवाल्याच्या दारात आलाव, तालुकदाराच्या कचेरीत न्हाई! तुमची मेंढरं काय पोथी वाचत्यात व्हय? मिठाची हाळी ऐकली की मेंढरू येणारच! आमची गिरजा तुमाला दिली म्हंजे दिली! आता फोडा सुपारी, न्हाईतर मी डोस्की फोडतो!"

चुलता सोडून सगळे खाली बसले. मेंढरंसुद्धा!

"शब्द उभं ऱ्हाऊन दिला," एक म्हातारा पंच म्हणाला. "मोठ्यानं बी दिला."

"लईच मोठ्यानं," चुलता कान चोळत खाली बसला आणि सुपारी फुटली.

पाहुणे जेवून गेले, तोच पाटील आले. "गड्या, उद्या तहसीलदारसाहेब गावात येणार हायेत. गावासाठी पाण्याची हीर मागायची हाय. तुज्यावानी बोलणारा पंचक्रोशीत न्हाई. तूच बोल."

"बोलतो की!" मी मिशीला पीळ दिला. "त्यात भ्यायचं काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे, कोंबडं आरवायच्या आत, मी कळपासकट कपिलधारच्या डोंगरात होतो. गाव अजून म्हणतं, मी भिऊन पळालो. साफ खोटं! पळाली ती मेंढरं. मी मालक म्हणून त्यांच्या मागं गेलो. (पुढं गेलो असेन थोडा.)