सगळं तुझं, याडी माझी

नेरच्या बसस्टँडसमोरचं हॉटेल विकताना म्हाताऱ्याने मला फसवलं. दिवसाढवळ्या, चार लोकांसमोर, एका शब्दात फसवलं. मी बारदान्याच्या धंद्यात वर आलेला माणूस आहे. कापसाच्या बाजारातली रिकामी पोती झटकून, शिवून, विकून मी दुकान उभं केलं. भावात मला कोणी हरवलेलं नाही. म्हणून हा शब्द अजून सलतो.

पण ते हॉटेल काय होतं हे आधी सांगतो, नाहीतर माझं काय गेलं ते कळायचं नाही.

म्हाताऱ्याचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्याचा बाप तांडा सोडून नेरला आला आणि कापसाच्या गाड्या थांबायच्या तिथे त्याने बांबूच्या तट्ट्यांची खोली उभारली. आलूबोंडा आणि कढी, दोनच पदार्थ. पुढे तट्ट्यांच्या विटा झाल्या, टिनाच्या छपराचा स्लॅब झाला, गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले. पदार्थ मात्र दोनच राहिले. उमरखेडकडची वऱ्हाडं वाट वाकडी करून इथे थांबायची. मारेगावला दिलेली मुलगी माहेरी आली की बॅग बाकावर ठेवून आधी कढी प्यायची, मग घरी जायची. तिचा बाप तिला घ्यायला घरून स्टँडवर नाही, हॉटेलात यायचा.

मी ती कढी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा पाठीवरून पोत्यांचा गठ्ठा नुकताच उतरवला होता. बोंडा फोडला, वरून कढी ओतली, घास घेतला आणि तसाच बसून राहिलो. आंबट होती, पण दाताला लागणारी नाही. आंबटपणा आधी लपून बसायचा आणि घास गिळल्यावर हळूच वर यायचा. मी पुढे मोठमोठ्या हॉटेलांत जेवलो, मोठमोठ्या लोकांच्या पंगतीला बसलो. तसं गप्प व्हायला पुन्हा कुठे झालं नाही. हे हॉटेल आपलं व्हावं असं त्या बाकावरच ठरवलं होतं.

म्हाताऱ्याचे गुडघे गेले, मुली लग्न होऊन गेल्या, तेव्हा तो विकायला तयार झाला. मी सौद्याला बसलो. भट्टी, कढया, झारे, बाकं, पाण्याचा रांजण, पाटी, हॉटेलचं नाव, एकेक वस्तू घासाघीस करून घेतली. आचारीही ठेवून घेतला. म्हातारा सगळ्याला मान हलवत गेला. शेवटी म्हणाला, "सगळं तुयं. याडी माई."

याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. गल्ल्याच्या वर त्याच्या आईचा फोटो होता. डोक्यावरून पदर, कानांजवळ चांदीचे जड दागिने, आणि उधार मागणाऱ्याकडे पाहावी तशी नजर. मी फोटोकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने म्हणालो, "काका, माय तुमचीच. तिच्यावर भाव करीन काय मी?"

बसलेले लोक म्हणाले, वा! म्हातारा हसला. उठून आत गेला, फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं घेऊन बाहेर आला आणि काठी टेकत निघून गेला. फोटो भिंतीवरच राहिला. मला वाटलं, कोणाला तरी पाठवून नेईल.

दुसऱ्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक एसटीचा ड्रायव्हर. त्याने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"काहून भाऊ, आज कढी सासरी गेली काय?"

सगळं हॉटेल हसलं. माझं डोकं तापलं. मी आत जाऊन आचाऱ्यावर ओरडलो, तर तोच मला विचारतो, "मालक, याडी कुठी हाये?"

"भिंतीवर!"

"भिंतीवरची नाई जी. मडक्यातली."

तेव्हा कळलं. म्हाताऱ्याच्या आईने तांड्यावरून येताना दह्याचं विरजण आणलं होतं. रोज दिवेलागणीच्या आत त्यातलं थोडं दुसऱ्या दिवसासाठी बाजूला निघायचं. ते कधी तुटलं नव्हतं, आणि आतल्या लोकांत त्याचं नावच याडी होतं. मी इतकी वर्षं बाहेरच्या बाकावर बसणारा, मला कुठून माहीत असणार?

तसाच म्हाताऱ्याच्या घरी गेलो.

"मले फसवलं तुमी!"

"याडी माई म्हणून सांगतलं का नाई?"

"मंग फोटो काहून सोडला?"

"तो कागद हाये लेका. तिनं तिथंच राह्यलं पाह्यजे, तू कढी कशी करतं ते पाह्याले."

"भाव बोला. मडक्याचा भाव बोला."

म्हाताऱ्याने आत वळून हाक दिली, "अवो, ऐकलं काय? इरजनाले भाव लावून राह्यला हा!" आतून बायकोचं हसू आलं.

परत येऊन मी हॉटेलच्या दारात उभा राहून त्याचा उद्धार करत होतो. समोर भाजी विकणारी मावशी सांभार म्हणजे कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "भाऊ, कायले आरडून राह्यले? याडी तं माया घरीबी हाये."

तिच्या सासूची गोष्ट तिने मला सांगितली. त्यांच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला त्या काळातली. बाजारात दुसऱ्या हॉटेलवाल्याने वस्तीतल्या लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगून ठेवले होते. सासू इथल्या दारात वाटी घेऊन उभी राहिली. म्हाताऱ्याची आई बाहेर आली, हाताला धरून तिला चुलीपाशी नेलं, स्वतःच्या हाताने वाटीत विरजण घातलं आणि म्हणाली, संपलं तर पुन्हा ये. संपलंच नाही.

मी कामं आटोपून मावशीच्या घरी पोचलो तर दिवे लागले होते.

"आता इरजन देत नाई कोणी. उद्या उजेडी या."

मी खिशात हात घातला.

"पैसे ठेवा तिकडं," ती म्हणाली. "इरजनाचे पैसे घेतेत काय? मांगाव लागते."

मी दातओठ खात परतलो आणि सकाळी पुन्हा गेलो. मागितलं. तिने दिलं. हातात वाटी घेऊन त्या गल्लीतून येताना ओट्यावरच्या बाया विचारत होत्या, काय नेता? सांगितलं की म्हणत होत्या, आमचीबी तिचीच हाये. वस्तीत तेच, पुढे व्यापाऱ्यांच्या आळीत तेच. मी चालता चालता थांबलो. एक बाई तांड्यावरून मडकं घेऊन येते काय, आणि अख्ख्या गावाच्या शिंक्यांत जाऊन बसते काय! एकमेकांच्या घरी पाणी न पिणाऱ्यांच्या ताटांत एकाच मडक्याची कढी होती, आणि कोणी त्याचा गाजावाजा केला नव्हता. वाटी हिंदकळू नये म्हणून मी तिच्यावर तळवा धरला.

कढी जमली. ड्रायव्हरने दुसरी वाटी मागितली. पण नेरचे लोक असे, की पितात आणि विचारतात, "म्हाताऱ्यानं काय म्हटलं?" त्याने हो म्हटल्याशिवाय ही त्यांच्या लेखी ती कढी नाही. त्याच्या तोंडून ते निघत नाही तोवर मी फक्त भट्टीचा आणि बाकांचा मालक आहे.

म्हातारा आता रोज सकाळी येतो. बरोबर फोटोखाली बसतो. बोंडा फोडतो, कढी ओतून घेतो, वाटी बोटाने पुसून चाटतो. मी गल्ला सोडून त्याच्यासमोर उभा राहतो. तो फोटोकडे पाहतो, काठी उचलतो, म्हणतो, "येतो लेका." आणि जातो.

काका, सौदा मोडा असं मी म्हणत नाही. मडकंही ठेवा तुमच्याकडे. पण चार लोकांसमोर एका शब्दावर तुम्ही मला गंडवलं, तर चार लोकांसमोरच एक शब्द द्यावा लागेल. तुमच्या वाटीत रोज पडते ती याडी आहे की नाही? उद्या सकाळी, उठायच्या आधी, सांगा.