खांद्याला पेलणारा ड्रम

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मी खामगावला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. वडील बुलढाण्याला कचेरीत कारकून. घरात वाद्य म्हणजे देवापुढची घंटा, तेवढंच. त्यामुळे ड्रम निवडायला माझ्यासारखीला कुणी सोबत नेईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण नेलं खरं, आणि नेणारी होती आमच्या शाळेतली ड्रिलची बाई.

ती माझ्याच वर्षी शाळेत लागली. लोणारजवळच्या सुलतानपूरची. अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकून आलेली. उंच, किडकिडीत, बोलायला कमी. पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवर शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस कुजबुज चालली. तिनं ती ऐकली असणार, पण बूट काही बदलले नाहीत.

शाळेत एक जुना ड्रम होता. त्याचं कातडं फाटलेलं होतं आणि आत खडूची खोकी ठेवत. पंधरा ऑगस्टला मुली गावातून संचलन करत, ते नुसत्या "डावा-उजवा"वर. बाईनं शाळेच्या मंडळाकडे नवा ड्रम मागितला. मंडळातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मुलींनी गळ्यात ड्रम अडकवून बाजारातून जायचं? बरं दिसेल का ते?"

"दिसायचं मी पाहते," ती म्हणाली. "तुम्ही ऐकून सांगा."

मंजुरी मिळाली. नागपूरहून कुणाकरवी मागवून घेऊ, असं गृहस्थ म्हणत होते. तिला ते पटलं नाही. वाजवून पाहिल्याशिवाय ती घेणार नव्हती.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी ती माझ्या खोलीवर आली. "चला, दुकानात जाऊ. एकटी गेले तर चहा पाजून परत पाठवतील."

बाजाराच्या मागच्या गल्लीत वाद्यांचं दुकान होतं. पुढे तेलाचे घाणे असल्यामुळे पेंडीच्या गाड्या तिथून सारख्या जात. दुकानदार पन्नाशीचा, तबले आणि ढोलक्या मढवणारा. लग्नाच्या बँडवाल्यांचे ड्रमही तोच दुरुस्त करायचा. रविवारी तिथं नादी माणसं जमत. आम्ही गेलो तेव्हा दोघं बसलेले होते. एकजण लष्कराच्या बँडमध्ये ड्रम वाजवून निवृत्त झालेला. तो आता कापसाच्या जिनिंगमध्ये पाळीवर असायचा; सगळे त्याला फौजीच म्हणत. दुसरे वरवट बकालचे मोठे जमीनदार. घरी त्यांनी डफ, ताशे, संबळ, पखवाज भिंतभर टांगले होते, आणि फक्त नवं काही आलं का हे पाहायला ते एसटीनं इतक्या लांब यायचे.

आम्हाला पाहून बोलणं थांबलं. दुकानदारानं स्टूल पुसून पुढे केलं. "काय दाखवू बाई? पेटी?"

"साइड ड्रम," ती म्हणाली. "पण आज घ्यायचा नाही. आज ऐकायला आलेय."

"ऐकाले?" जमीनदार हसले. "मंग तं बसा. इथं ऐकाचंच काम चालते."

आणि खरंच, तासभर ती नुसती ऐकत बसली. दुकानात तीन ड्रम होते. त्यांच्यावरून दोघांत जुनाच वाद चालू होता, तो आमच्यासमोर पुन्हा रंगला. फौजीचं म्हणणं पितळेचाच घ्यावा. "पितळेचा आवाज कोसभर जाते. लाकडाले पाऊस लागला का फुगते." जमीनदार म्हणत, "जाऊ द्या कोसभर, पन कानाले गोड तं लागलं पायजे. लाकूड बोलते, पितळ ओरडते." दोघंही काड्या घेऊन वाजवून दाखवत होते. फौजीचे हात इतके हलके होते की काडी कातड्यावर पडते की तिथून उठते तेच कळत नव्हतं. जमीनदारांना तसं वाजवता येत नव्हतं, पण ऐकताना त्यांचा चेहरा पाहत राहावा असा होई.

मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की या ड्रमच्या पोटाखाली तारा ताणलेल्या असतात. वर काडी पडली की खालचं कातडं थरथरतं आणि त्या तारा त्यावर तडतडतात. ड्रमचा तो खास आवाज त्यांचाच. त्या ढिल्या केल्या तर ड्रम नुसता डब्यासारखा वाजतो.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. आता दोघं जणू वाटच पाहत होते. बाईनं तिन्ही ड्रम वाजवले. तिचा हात फौजीसारखा नव्हता, पण स्वच्छ होता, एकेक ठोका वेगळा. फौजी मान हलवत म्हणाला, "कुठं शिकल्या?"

"अमरावतीला. मुलींत मी एकटीच होते, म्हणून मुलांच्या मागे उभं राहून शिकले."

मग तिनं चकचकीत पितळी ड्रमचा पट्टा खांद्यावरून घेतला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गल्लीत चालायला लागली. पेंडीची गाडी थांबली. समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या. ती सरळ नजर ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत वाजवत गेली आणि वळून परत आली.

"गुडघ्याला लागतो," पट्टा काढत ती म्हणाली. "आणि खांदा ओढतो. माझ्या मुली बारा-तेरा वर्षांच्या आहेत. पूर्ण बाजार चालायचंय त्यांना."

फौजीनं ड्रम उचलून त्याचं वजन पाहिलं. म्हणाला, "आमी फौजेत होतो बाई. वजनाचा विचारच नाई केला कधी. तुमचं बराबर हाये." आणि त्यानंच फळीवरचा सर्वांत साधा, लाकडी ड्रम काढून दिला. रंग उडालेला, कडेचे पेच गंजलेले, खालच्या तारा गेलेल्या. ती तोही घेऊन गल्लीभर चालून आली, आणि या वेळी येताना हसत होती.

आता प्रश्न उरला तारांचा. धातूच्या घालायच्या की जुन्या पद्धतीच्या, आतड्याच्या तातीच्या? जमीनदार तातीच्या बाजूनं. फौजी म्हणाला, पावसात तात ओली होऊन लोंबते. दुकानदारानं दोन्ही आळीपाळीनं लावून दाखवायचं कबूल केलं. बाई मला म्हणाली, "तुम्ही गल्लीच्या टोकाला जा. पाठ करून उभ्या राहा. काय ऐकू येतं ते सांगा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणूनच. रस्त्यावरच्या लोकांनाही कळत नाही."

मी टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते. दोन्ही आवाज ऐकून परत आले आणि जे मनात आलं ते सांगितलं. पहिला, सुपात ज्वारी पाखडावी तसा. दुसरा, फोडणीत मोहरी तडतडावी तसा.

जमीनदार म्हणाले, "ज्वारी म्हंजे माही तात. काय नेमकं सांगितलं हो बाईनं."

"मोहरी घेऊ," ड्रिलची बाई म्हणाली. "पाऊल टाकायला ती बरी."

जमीनदारांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं. पण पुढच्या आठवड्यात ते वरवटहून बकरीचं कमावलेलं पातळ कातडं घेऊन आले, स्वतः निवडलेलं, आणि दुकानदाराशेजारी बसून ते ड्रमवर मढवून घेतलं. "तारा कोनत्याही असो, त्याइले कातडं चांगलं पायजे," एवढंच म्हणाले.

ड्रम वाजवायला बाईनं आठवीतली एक मुलगी निवडली. शेतकऱ्याघरची, दणकट, वर्गात कधी हात वर न करणारी. महिनाभर मधल्या सुट्टीत दोघी पिंपळाखाली सराव करत. सुरुवातीला त्या मुलीची काडी अडखळायची. बाई रागवायची नाही. काड्या घेऊन स्वतः वाजवायची, परत द्यायची, पुन्हा घ्यायची.

पंधरा ऑगस्टला सकाळपासून भुरभुर होती. बाईनं स्वयंपाकाच्या वर्गात शेगडी पेटवून ड्रम शेकून घेतला आणि निघेपर्यंत घोंगडीत गुंडाळून ठेवला. संचलन निघालं तेव्हा ठोका असा खणखणीत पडला की मागच्या रांगांतल्या मुलींच्या माना आपोआप ताठ झाल्या. पण बाजाराच्या तोंडाशी येईतो पावसानं कातडं ओलावलं आणि आवाज बसायला लागला. मुलगी घाबरून बाईकडे पाहू लागली.

बाई पुढे झाली. मुलीसमोर उलट्या पावलांनी चालत, पेच आवळायची चावी काढून तिनं एकेक पेच आवळायला सुरुवात केली. "थांबू नको," ती म्हणत होती, "वाजवत राहा, मी आहे." चिखलात उलटं चालत, ठोक्यांच्या मधल्या जागेत बोटं घालून! तिच्या बोटावर काडी बसली तेही मी पाहिलं. तिनं हात मागे घेतला नाही.

तेवढ्यात गर्दीतून वरवटचे जमीनदार आले. पांढरं धोतर, नवी टोपी. त्यांनी आपली छत्री उघडली आणि ड्रमवर धरली. मुलीवर नाही, स्वतःवर नाही, ड्रमवर. तसे ते भिजत, चिखल तुडवत तिच्या बाजूनं पूर्ण बाजार चालले. आवाज परत आला, पहिल्याइतका नाही, पण पाऊल टाकण्याजोगा. लोक आधी हसले. मग कुणी हसेना. मंडळातले ते गृहस्थ एका दुकानाच्या फळीवर उभे होते. आम्ही पुढून जाताना त्यांनी टोपी सारखी केली.

दिवाळीनंतर त्यांनीच आणखी दोन ड्रमांची मंजुरी आणली. ते निवडायला बाई गेली, तेव्हा फौजी आणि जमीनदार तिला विचारत होते, हा कसा वाटते, तो कसा वाटते. ती दोन वर्षांनी जालन्याकडच्या शाळेत गेली. जायच्या आधी तिनं त्या आठवीतल्या, आता दहावीत गेलेल्या मुलीला लहान मुलींना शिकवायला बसवलं होतं. मी वर्गात कविता शिकवत असे आणि बाहेरून त्या मुलीचा आवाज यायचा. वर्गात न बोलणारी ती, पिंपळाखाली मोठ्यानं सांगत असायची: "घाई नको. आधी ऐक."